निळीचा आवाज चढला

३ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद घे आणि आधी खाली बस. बातमी उभ्याने वाचण्यासारखी नाही. माझे कान परत आले!

खोटं वाटेल तुला. गेली कित्येक वर्षं तुझा हा मामा जणू कापसाच्या पोत्यात राहतोय. समोरची माणसं ओठ हलवतात, मी मान हलवतो, आणि तेवढ्यावर जगाचं चालतं. पण मागच्या आठवड्यात सकाळी निळीला शेडमधून काढायला किल्ली फिरवली आणि काय सांगू, तिचा आवाज आला! पायाला लागते ती थरथर नव्हे, ती तर रोजचीच. आवाज. कानांनी ऐकलेला. खर्जातला, भरदार, मध्येच टक्‌टक्‌ असा ठेका धरणारा. मी इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा आला! स्टिअरिंगवर डोकं टेकून जरा वेळ बसून राहिलो. जुनं माणूस दारात येऊन उभं राहावं तसं झालं.

निळी घरी आली तेव्हा तू एवढीशी होतीस आणि हॉर्न वाजवल्याशिवाय जेवणार नाही म्हणून हटून बसायचीस. मी टपालकचेरीतून परतताना वळणावर निळी आली की तिच्या आवाजावर तुझी मामी दार उघडायची. ते दिवस आठवले. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र टेबलाच्या खणात आहे, ते आता खुशाल तिथेच राहू दे. ते लावलं की माणसांपेक्षा भांडीच जास्त बोलतात, आणि शिवाय म्हातारं दिसायला होतं.

थंडी पडली आहे. रोज संध्याकाळी काचा वर करून आम्ही दोघं टेकडीपर्यंत चक्कर मारतो. मी आपली शाळेतली ‘गाडीवान’ म्हणतो:

चाक फिरे, वाट सरे, धूळ राहे मागे,
दूर खाली गाव दिसे, दिवा एक जागे.

खाली निळीचा ठेका असतोच. तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ मात्र काही केल्या सापडत नाही. ‘सोड आता लगाम रे, घोडा जाणे दार’ इथपर्यंत येतो आणि पुढे नुसता धूर. ते पुस्तक गेलं, गुरुजी गेले, बाकावरचे सोबतीही पांगले. आता ती ओळ या पृथ्वीवर कुणाला येत असेल असं वाटत नाही.

आणि नवल ऐक. माझ्या कवितेला जन्मात ‘झालं का तुमचं?’ याखेरीज दाद न देणारी तुझी मामी हल्ली डोळे मिटून, मान मागे टाकून ऐकते. परवा तर घर आलं तरी उठेना, इतकी तल्लीन! उतरल्यावर कपाळ धरून बराच वेळ पायरीवर बसली होती. मी विचारलं, तर ओठ हलले. बहुधा ‘छान’ म्हणाली असावी.

तुझा,
पुन्हा तरुण झालेला मामा

*

६ नोव्हेंबर

ती. मामा,

नमस्कार. तुझं पत्र वाचता वाचता हातातला पाना पायावर पडला.

लिहायला बसण्याआधी मी फोन केला होता. मामीने उचलला, पण मी काही सांगायच्या आत तू तो तिच्या हातातून घेतलास. मी घसा फोडून ओरडले, “मामा, गाडी काढू नकोस!” तू आपलं, “आम्ही मजेत, आत्ताच फिरायला निघालोय, तुला मामीचाही आशीर्वाद,” असं म्हणून ठेवून दिलास. मग तुमच्या समोरच्या शिंपीकाकांच्या दुकानात फोन केला. ते शिवण टाकून धावले. हे पत्र पोचेल तेव्हा निळीची किल्ली त्यांच्याकडे असेल. रागवायचं तर माझ्यावर रागव.

मामा, तुझे कान होते तिथेच आहेत. आवाज निळीचा चढला आहे. इंजिनातून निघालेला धूर एका लांब नळीतून गाडीच्या शेपटीपर्यंत जातो, वाटेत सायलेन्सर त्याचा आवाज दाबतो. ती नळी कुठेतरी पुढेच फुटली आहे किंवा सांधा सुटलाय. म्हणून खर्ज, म्हणून ठेका. तुझ्यासारख्या माणसाला ऐकू जावा इतका आवाज म्हणजे गल्लीतल्या लोकांनी कानात बोटं घातली असतील.

आवाजाचं मला काही नाही. पण तोच धूर फटीतून गाडीच्या आत येतो, आणि वर तुम्ही काचा लावून बसता. त्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला ना रंग, ना वास. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, मग जाग येत नाही. तू म्हणतोस मामी तल्लीन होते. मामा, माझी मामी तुझ्या कवितेने कधी तल्लीन झाली होती का रे? खरं सांग.

तिला लगेच डॉक्टरांकडे ने. शिंपीकाकांच्या गाडीतून, निळीतून नाही. आणि निळी दुरुस्त होईपर्यंत चालवायची नाही.

मी आले असते, पण गॅरेजात शाळेच्या दोन बस उघडून पडल्या आहेत. पोरं पायी शाळेत जातायत आणि आया मला शिव्या देतायत.

तुझी,
भिंगरी

*

११ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, पण आज जरा हात राखून.

शिंपी त्या दिवशी धापा टाकत आला. गळ्यात टेप, कानावर खडू. मला वाटलं, कोटाचं माप घ्यायचं राहिलं असेल. म्हणून मी हात पसरून उभा राहिलो. त्याने माझ्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि चालता झाला! चोरसुद्धा जरा इकडेतिकडे बघतो. मामी दारात उभी राहून हसत होती. मग पत्र आलं आणि उलगडा झाला.

डॉक्टरांनी मामीला तपासलं. रक्त काढलं, नाडी पाहिली, मोकळ्या हवेत बसायला सांगितलं. मलाही तपासलं. धोका टळला म्हणाले. नेमकं काय म्हणाले ते शिंप्याने पाटीवर लिहून दाखवलं. खाली एक वाक्य त्याने पदरचं घातलं होतं: ‘थोडक्यात वाचलात, कविराज.’

भिंगरी, तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग जाग येत नाही. मी बाजूला बसून कविता म्हणत होतो आणि मला ती दाद वाटत होती. दोन दिवस जेवण गेलं नाही.

तरीही कानांची गोष्ट मला एकदम सोडवेना. मी परीक्षा घेतली. तुझ्या मामीला म्हटलं, तू आत जाऊन काहीतरी बोल, मी इथून सांगतो. बराच वेळ काही येईना. मी म्हटलं, बोल की! तर ती माझ्या मागेच उभी होती आणि केव्हाची बोलत होती. तेव्हा कानांचं प्रकरण मिटलं म्हणायचं.

तुझा,
होता तसाच मामा

ता.क. मी मामी लिहितेय. ते पाकीट चिकटवायला डिंक शोधतायत तेवढ्यात. डोकं मला पहिल्या दिवसापासून दुखत होतं, आणि आवाज तर असा की वरच्या आळीतली कुत्री पळायची. ‘अहो, गाडीचं काहीतरी बिघडलंय’ म्हणून सांगणारही होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि शब्द गिळले. इतके खुश मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिले नव्हते. दुखतं तर दुखू दे, म्हटलं, एक गोळी घेतली की झालं. हे इतकं जिवावरचं असेल हे कुठे माहीत होतं? त्यांना यातलं सांगू नकोस.

*

१५ नोव्हेंबर

ती. मामा आणि मामी, दोघांना नमस्कार.

मामी, तुला वेगळं पत्र लिहून रागवणार होते, पण तुझ्या घरी येणारं प्रत्येक पाकीट आधी मामा फोडतो. टपालखात्याची सवय! म्हणून एवढंच म्हणते: डोकं दुखलं की बोलायचं. कुणाचाही चेहरा कितीही खुलला असला तरी.

मामा, आता काम. गळती कुठे आहे ते तुम्हीच शोधायचं. शिंपीकाकांकडे जुन्या टेम्पोचे लोखंडी रॅम्प आहेत असं ते म्हणाले. त्यांच्यावर निळीची पुढची चाकं चढवा. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. नुसत्या जॅकवर टेकवून तिच्याखाली कुणीही जायचं नाही. आणि हे सगळं अंगणात, आभाळाखाली. शेडमध्ये मुळीच नाही.

आधी इंजिन गार असताना नळी पुढून मागे नुसती डोळ्यांनी बघत जा. काजळीचा डाग दिसला तर तिथे संशय घ्यायचा. मग बाटलीत साबणाचं दाट पाणी करा. एकाने इंजिन चालू करायचं. मामीने जाड हातमोजे घालून, ओल्या फडक्याने नळीचं मागचं तोंड दाबून धरायचं, तेही स्वतःचा चेहरा बाजूला करून. धुराला मागची वाट बंद झाली की तो फटीतून जोर करतो. सगळे फुस्स असा आवाज ऐकतात. तुला तो ऐकू येणार नाही, पण काही बिघडत नाही. सांध्यांवर साबणपाणी टाक. जिथे फुगे येतील तिथे चोर. नळी तापायच्या आत उरका, नाहीतर हात भाजेल.

मी लहानपणी तुझं गजराचं घड्याळ उघडून सगळी चाकं ताटात मांडली होती, आठवतं? आई मारायला धावली. तू म्हणालास, “थांब, तिला बघू दे ते कशाने चालतं.” आता तू बघ.

तुमची भिंगरी

*

२३ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद, दोन्ही हातांनी.

काल आमच्या अंगणात जे घडलं त्याला दुरुस्ती म्हणू की जत्रा, कळत नाही. शिंप्याने निळीला रॅम्पवर चढवलं. नाक वर करून ती अशी दिसत होती, जशी मुलाखतीला आलेली बाई. फडकं हवं म्हटल्याबरोबर तुझी मामी आत गेली आणि माझा राखी स्वेटर घेऊन आली. कोपर फाटलेला का असेना, पण माझा लाडका. कित्येक थंड्या तिचा त्याच्यावर डोळा होता. मी काही म्हणायच्या आत तिने तो बादलीत बुडवला.

माझं ठरलं होतं की चोर मागे आहे. आवाज मागून यायचा ना! म्हणून मी मागच्या सायलेन्सरच्या डब्यालाच न्हाऊ घालत बसलो. फुगा नाही की काही नाही. मामी शेपटीपाशी स्वेटर दाबून ओणवी होती. ती काहीतरी ओरडत होती, मी तिला हात करून ‘चाललंय, चाललंय’ सांगत होतो. शेवटी तिने केरसुणीचा दांडा घेतला, माझ्या पाठीत टोचला आणि पुढे दाखवलं. ती फुस्स तिने केव्हाच ऐकली होती! ‘पुढे, पुढे’ म्हणून ओरडून तिचा घसा बसला होता. इंजिन बंद केलं, नळी गार होऊ दिली, चहा घेतला, आणि पुन्हा.

या वेळी मी पुढे सरकलो. जिथे ड्रायव्हरचे पाय येतात बरोबर त्याच्या खाली एक सांधा आहे, नळीची दोन चपटी तोंडं एकमेकांना टेकतात तिथे. त्याच्याभोवती काजळी होती, डोळ्यात घालतात तशी रेखीव. बाटली दाबली. आणि भिंगरी, फुगे आले! आधी एक, मग ओळीने, मग फेसच फेस. एकेका फुग्यात आभाळाचा तुकडा, आणि एकात तर शिंप्याचं आख्खं टक्कल. शाळेत पावसाळ्याच्या डबक्यावरची कविता होती, ती म्हणायला मी तोंड उघडलं, तर साबणाचं पाणी आत गेलं.

शिंप्याने खाली डोकावून पाटीवर निदान लिहिलं, “दोन तोंडांच्या मधलं गॅस्केट जळलंय. म्हणजे अस्तर गेलं, कविराज. वरचं कापड शाबूत आहे.” एक बोल्टही सैल होता.

आता मनातलं लिहितो. चोर सापडला याचा आनंद झाला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, तो सांधा बसला की निळी पुन्हा मुकी होणार. कानांचं नव्हे, तिचं होतं हे कळलं. पण आवाज तर मी खरोखरीच ऐकला ना? इतक्या वर्षांत मला ऐकू आलेला तो एकच आवाज. म्हणून विचारतो, हसू नकोस. मामीला नाहीच नेणार. मी एकटा, चारी काचा खाली करून, फक्त वळणापर्यंत जाऊन येत राहिलो तर चालेल? सांधा तेवढा तसाच राहू दे.

तुझा मामा

*

२७ नोव्हेंबर

ती. मामा,

नाही.

काचा खाली केल्या तरी खालून धूर आत ओढला जातो. आणि तुला झोप लागली तर पुढचा माणूस काय करणार? मामीचं काय होणार? पार्सलमध्ये नवं गॅस्केट आणि तीन नवे बोल्ट आहेत. आदल्या दिवशी जुन्या बोल्टांना तेल पाजून ठेवा, गंजलेले असणार. आणि नवे घट्ट करताना एकच आवळत बसायचं नाही. तिन्ही थोडे थोडे, आळीपाळीने, म्हणजे तोंड वाकडं बसत नाही. शिंपीकाकांना म्हणावं, आधी कच्ची टीप, मग पक्की. त्यांना लगेच कळेल.

हे झालं मिस्त्रीणबाईचं. आता भाचीचं ऐक.

माझ्या गळ्यात दिवसभर काय लटकत असतं माहीत आहे? डॉक्टरांच्या गळ्यात असते तसली नळी. एक टोक इंजिनाला, दुसरी दोन माझ्या कानात. इंजिनाच्या पोटात कुठलं बेअरिंग कण्हतंय, कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय, हे नुसत्या कानांना कळत नाही. माझे कान चांगले आहेत, तरी यंत्र लावावंच लागतं. पहिल्या दिवशी मलाही नुसता गोंगाट ऐकू आला, तुझ्या भांड्यांसारखा. उस्ताद म्हणाले, काढू नकोस, महिनाभर ऐकत राहा, मग गोंगाटातून एकेक आवाज आपापल्या जागी जाऊन बसतो. आणि तसंच झालं.

मला कुणी म्हातारी म्हणत नाही. म्हणून बघावं कुणी!

निळी मुकी नव्हती मामा. ती हळू बोलत होती. तशी आणखीही माणसं असतील घरात.

तुझी,
भिंगरी

*

१४ डिसेंबर

चि. भिंगरी,

अनेक, अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या उस्तादांचा महिना मी लगेच सुरू केला आणि पहिल्या आठवड्यात पत्र लिहिण्याइतकं डोकं जागेवर नव्हतं. घरात एवढे आवाज असतात? नळ, बिजागरी, वर्तमानपत्राची घडी! माझी स्वतःची चप्पल इतकी बडबडी असेल असं वाटलं नव्हतं.

पण आधी सांधा. दोन बोल्ट तेल पिऊन निघाले; तिसरा माझ्यासारखा हट्टी, तो कापावा लागला. शिंपी खाली, मी दिवा धरून. ‘कच्ची टीप’ म्हटल्यावर तो असा खुलला की विचारू नकोस. गॅस्केट बसवलं, तिन्ही बोल्ट आळीपाळीने आवळले, आणि शेवटी सवयीने दोरा तोडायला तोंड पुढे नेलं त्याने! मग माझा स्वेटर पुन्हा शेपटीला, साबणपाणी पुन्हा सांध्यावर. एक फुगा नाही. मामीने कान लावून मान हलवली: फुस्स नाही.

मी आत बसून किल्ली फिरवली. काही नाही. पायाखाली ती जुनी थरथर, बस. शिंपी टाळ्या वाजवत होता, त्याही मुक्याच. खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग खिशातून ते यंत्र काढलं आणि कानात घातलं.

आधी गोंगाट. मग शिंप्याच्या टाळ्या. आणि खाली, अगदी खाली, निळी. खर्ज नाही, ठेका नाही. जेवण झाल्यावर समाधानाने कुणी गुणगुणावं तशी. तरुण होती तेव्हाही ती अशीच गुणगुणायची. मी विसरलो होतो.

संध्याकाळी मामीला घेऊन टेकडीकडे निघालो. काचा दोन बोटं खाली, तुझ्या धाकाने. मी ‘गाडीवान’ सुरू केली. तिसऱ्या कडव्याशी आलो, ‘सोड आता लगाम रे, घोडा जाणे दार’, आणि नेहमीसारखा अडखळलो. तेवढ्यात बाजूने, खिडकीबाहेर बघत, अगदी सहज आवाजात ओळ आली:

“तुझ्याआधी घरी पोचे चाकांचा झंकार.”

मी गाडी कडेला घेतली.

“तुला येते?”

“मग? आमच्याही पुस्तकात होती ती.”

“अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“अहो, इतकी वर्षं रोज बोलतेय! तुम्ही अडलात की मी सांगते, आणि तुम्ही आपले ‘गेली, गेली ती ओळ’ म्हणून उसासा टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता. शेवटी म्हटलं, जाऊ दे. हरवलेल्या ओळीचा यांना जास्त आनंद आहे.”

भिंगरी, मी ती ओळ पृथ्वीवर शोधत होतो आणि ती शेजारच्या सीटवर बसली होती. मी तिला म्हटलं, आणखी काय काय बोललीस जे मी ऐकलं नाही? ती म्हणाली, “पुष्कळ. पण त्यातलं निम्मं तुम्ही ऐकलं नाहीत तेच बरं.”

परतताना वळणावर तिने काच पूर्ण खाली केली आणि म्हणाली, इथे आलात की मला कळायचं. मीही कान दिला. आमच्याच घराच्या भिंतीवरून निळीचा आवाज परत येत होता, आमच्याआधी पोचलेला.

तुझ्या बस सुटल्या की ये. हॉर्न वाजवायला.

तुझा,
ऐकणारा मामा

ता.क. मी मामी. या वेळी चोरून नाही, त्यांनीच कागद पुढे केला. भिंगरी, एक गोष्ट तुला कळवायलाच हवी, कारण डोकं दुखलं तर बोलायचं असं तूच लिहिलं होतंस. ओळ सापडल्यापासून ते आख्खी कविता रोज येताजाता म्हणतात. परवा टेकडीच्या वाटेवर माझे डोळे पुन्हा मिटले आणि मी घरापर्यंत गाढ झोपले. घाबरू नकोस. काचा उघड्या होत्या, डोकं हलकं होतं, आणि शिंप्याने सकाळीच साबणपाणी टाकून पाहिलं होतं. सांधा ठणठणीत आहे. ही झोप कवितेचीच.